गाळदगडाचा घोडा

फार पूर्वी, जेव्हा राज्यं एवढी लहान असत की सकाळी चालत निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला परमुलखात पोहोचे, तेव्हा अशाच एका चिमुकल्या राज्यात नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावात तीस घरं. त्यांतली एकोणतीस पाथरवटांची आणि तिसावं न्हाव्याचं. पण त्या न्हाव्यालाही वस्तऱ्याला धार लावायला याच गावचा दगड लागे, त्यामुळे सगळं गावच दगडावर जगत होतं असं म्हणायला हरकत नाही.

या गावच्या दगडाची गंमत अशी, की तो मुळात दगड नव्हताच. नदीनं पुरापुरात आणलेला मैद्यासारखा बारीक गाळ तळाशी बसला, त्यावर दुसरा थर बसला, त्यावर तिसरा. असे हजारो थर एकमेकांच्या ओझ्याखाली दबत गेले आणि दबून दबून त्यांचा दगड झाला. लोक त्याला गाळदगड म्हणत. खाणीतून नुकता काढलेला गाळदगड इतका मऊ असे, की पटाशीनं खरवसासारखा कापावा. कण इतका बारीक, की पिंपळपानाची शीर न शीर त्यावर कोरता येई. सावलीत सावकाश वाळवला की तो टणक होई, आणि वरून तेलाचा हात फिरवला की पिकल्या जांभळासारखा चमके. त्याचे मिठाईचे साचे होत, दिवे होत, खेळण्यातले बैल होत. राजाच्या दरबारचा शिक्कासुद्धा गाळदगडाचाच होता.

मात्र या दगडाची एक खोड होती. त्याचे थर पोथीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले. थरांच्या कलानं कोरलं तर दगड म्हणाल ते ऐके. पण थरांना आडवं जाऊन काही लांब, बारीक, अधांतरी काढायला गेलं, की तो पानं सुटावीत तसा सुटे. टक्क! हातात तुकडा, आणि चार दिवसांची मेहनत मातीत.

या गावात म्हाळू नावाचा एक पाथरवट राहत होता. त्याचा हात असा, की त्यानं कोरलेल्या दगडी मोदकाला एकदा खरोखरच मुंग्या लागल्या होत्या. (त्याच्या बायकोचं म्हणणं, गुळाच्या हातानं कुणीतरी तो उचलला होता. ते असो.) हात सोन्याचा होता, पण जिभेचं एक दुखणं होतं. त्याला ‘नाही’ म्हणता येत नसे. कुणी काहीही मागायला आलं, की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हाळू हसून म्हणे, “होईल की!”

ठकूबाई चटणी वाटायला पाटा मागायला आली. गाळदगडाचा पाटा कसा चालेल? तो चटणीआधी स्वतःच वाटला जातो. पण म्हाळू म्हणाला, “होईल की!” आणि त्यानं पाटा करून दिला. त्यावर वेलबुट्टी अशी सुरेख होती की ठकूबाई हरखून गेली. पुढे महिनाभर तिच्या घरची चटणी करड्या रंगाची होत होती, आणि तिचा नवरा जेवताना करकर आवाज करत होता.

मग एक धनगर आला. त्याला मेंढीच्या गळ्यात बांधायला घंटा हवी होती. “होईल की!” म्हाळूनं घंटा केली. नक्षीदार, सुबक, लोलकासकट. मेंढी चालली की घंटा म्हणे, “ठक.” तिसऱ्या दिवशी मेंढीनं मान झटकली आणि घंटेनं शेवटचं एकदा “ठक” म्हटलं.

“अहो,” त्याची बायको भिवरा कपाळाला हात लावून म्हणे, “एकदा, फक्त एकदा ‘नाही’ म्हणून बघा. जीभ झडायची नाही.”

“अगं, पण समोरच्या माणसाचं तोंड कसं होतं ‘नाही’ म्हटल्यावर! मला नाही बघवत.”

“हे आत्ता म्हणालात की ‘नाही’!”

“ते घरात चालतं,” म्हाळू म्हणे.

एके दिवशी गावात पालखी आली. पालखीतून खुद्द राजा उतरला. हा राजा तसा भला माणूस होता. गोलमटोल, आकडेबाज मिशांचा, बोलण्यात थोडा तापट, पण कुणाच्या वाईटात नाही. मात्र गेल्या महिन्यापासून त्याची झोप उडाली होती. शेजारच्या राजानं आपल्या वेशीवर स्वतःचा पंचधातूचा पुतळा उभारला होता. मागच्या दोन पायांवर उसळलेला घोडा, वर राजा, हातात उगारलेली तलवार!

“मलाही तसाच हवा,” राजा चावडीपुढे जमलेल्या पाथरवटांना म्हणाला. “आपल्याकडे धातू नाही, पण हा दगड आहे. घोडा उसळलेला पाहिजे. तलवार आकाशात पाहिजे. मिशा दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर पाहिजेत. आणि दसऱ्याला वेशीवर उभा पाहिजे. कोण करील?”

पाथरवट आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघू लागले. उसळलेल्या घोड्याचे पुढचे पाय म्हणजे अधांतरी. तलवार अधांतरी. मिशा तर विचारूच नका. आणि दसऱ्याला उरला होता दीड महिना. एवढ्यात नुसता दगडसुद्धा वाळत नाही. खाणीवरचे म्हातारे केरूतात्या मुद्दाम मोठ्यानं खोकले. हा खोकला म्हाळूसाठी होता, हे सगळ्या गावाला कळलं. फक्त म्हाळूला कळलं नाही.

राजा त्याच्याकडे बघत होता. राजाचे डोळे आशेनं असे मोठे झाले होते, की म्हाळूचं काळीज विरघळलं.

“होईल की, महाराज!”

भिवरा तिथून उठली आणि तडक घरी गेली.

म्हाळू कामाला लागला. घोड्याचं धड उतरलं, आयाळ उतरली, राजाचं पोट तर असं हुबेहूब उतरलं की बघणाऱ्याला ढेकर यावी. मग त्यानं घोड्याच्या पुढच्या उजव्या पायाला हात घातला. टक्क! पाय खाली. म्हाळूनं इकडंतिकडं बघितलं. लाख आणि मेण वितळवलं, त्यात दगडाची भुकटी कालवली आणि पाय चिकटवून टाकला. वरून तेलाचा हात फिरवला. जोड दिसेना.

दुसऱ्या दिवशी डावा पाय. टक्क! लाख आणि मेण. मग घोड्याचा कान. मग तलवार, तीन ठिकाणी. मग उजवी मिशी, मग डावी. दसरा जवळ आला तेव्हा घरातलं मेण संपलं होतं आणि भिवरानं मेणवातींवर पहारा बसवला होता.

एक दिवस केरूतात्या काठी टेकत आले. पुतळ्याभोवती एक फेरी मारली. बोटाच्या पेरानं घोड्याच्या पायावर टकटक केलं, कान लावला, आणि म्हणाले, “म्हाळू, हा पाय दगडाचा आवाज काढत नाही रे.”

“तात्या, बसेल सगळं नीट.”

“अजून आठ दिवस आहेत. दरबारात जा, सांगून ये. राजा ओरडेल, पण खाणार नाही.”

म्हाळू खरंच गेला. राजवाड्याच्या दारापर्यंत गेला. दारात प्रधानजी भेटले. अंगानं काटकुळे, पागोटं मात्र दोन माणसांना पुरेल एवढं.

“काय म्हाळू, पुतळा तयार ना? मी महाराजांना शब्द दिलाय, शंभर वर्षं टिकेल म्हणून. टिकेल ना?”

म्हाळूनं तोंड उघडलं. जे सांगायला दोन कोस चालत आला होता ते अगदी जिभेच्या टोकावर होतं. पण प्रधानजींच्या कपाळावर आताच एक आठी उमटायला लागली होती.

“टिकेल की!” म्हाळू म्हणाला, आणि दोन कोस परत चालत गेला.

दसरा उजाडला. पुतळा बैलगाडीवरून गवताच्या गादीत झोपवून वेशीवर आणला, उभा केला, वर लाल कापड टाकलं. सगळं राज्य गोळा झालं. म्हणजे सात गावं. सकाळच्या गारव्यात कापड ओढलं असतं तर गोष्ट कदाचित पुढच्या आठवड्यावर गेली असती. पण प्रधानजींनी भाषण केलं. प्रधानजी राजाच्या पणजोबांपासून सुरू झाले. ते आजोबांपर्यंत आले तेव्हा ऊन चढलं होतं. वडिलांपर्यंत आले तेव्हा कापडाखालचा काळा, तेल लावलेला दगड तव्यासारखा तापला होता.

शेवटी राजानं स्वतःच उठून दोरी ओढली.

“अहाहा!” लोक म्हणाले, आणि खरंच म्हणाले. काय तो घोडा, काय ती तलवार! राजाचा चेहरा फुलला. म्हाळूला वाटलं, झालं, तरलो.

तेवढ्यात पुतळ्याची डावी मिशी हळूच हलली.

आधी कुणाला खरं वाटेना. मग ती थोडी वाकली. मग आणखी थोडी. वर वळलेला आकडा आडवा झाला, आडव्याचा उभा झाला, आणि मिशी हनुवटीला टेकून लोंबू लागली. मग उजवी मिशी निघाली. एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून शेजारणीला म्हणाली, “अगं, राजे रडतायत का गं?”

पहिल्या रांगेत कुणीतरी फुसकन हसलं आणि लगेच खोकू लागलं. खोकला रांगेरांगेनं मागे पसरला.

मग तलवार. ती तिन्ही जोडांवर अशी सावकाश वाकली, की जणू राजा स्वतःच्याच घोड्याचा कान खाजवत होता. तेवढ्यात तो कानही पडला. मग घोड्याचा उजवा पाय. धप्प! डावा पाय. धप्प! आणि तलवारीचा पुढचा तुकडा सुटला तो सरळ प्रधानजींच्या पागोट्यात जाऊन रुतला. पागोटं मोठं होतं म्हणून प्रधानजी वाचले. तुकडा मात्र तुऱ्यासारखा वर उभा राहिला, आणि ते प्रधानजींना सांगायचा कुणाला धीर झाला नाही.

आता खोकला कुणालाच आवरेना.

राजाचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. तो एकदम गरजला, “हा दगड खोटा! असला दगड माझ्या राज्यात नको! उद्याच्या उद्या खाण बुजवा. वर माती टाका. पुन्हा कुणी त्या दगडाला हात लावायचा नाही!”

हसणं एका क्षणात थांबलं. गर्दीत डाव्या बाजूला म्हाळूचं गाव उभं होतं. एकोणतीस घरं. मिठाईचे साचे विकायला आणलेल्या बाया टोपल्यांवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. केरूतात्यांनी काठी घट्ट धरली. खाण बुजली म्हणजे गाव बुजलं, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

प्रधानजींना मात्र बरंच वाटलं. शंभर वर्षांचा शब्द त्यांनी दिला होता. दगडच खोटा ठरला तर शब्द कुणी विचारणार नव्हतं. ते म्हाळूजवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाले, “महाराज, कारागिराचा यात काय दोष? बिचाऱ्यानं जीव ओतला. दगडच वाईट निघाला. काय म्हाळू, दगडच वाईट निघाला ना?”

केवढी सोपी वाट! नुसतं ‘होय’ म्हणायचं होतं. आयुष्यभर तेच तर म्हटलं होतं. म्हाळूची जीभ ‘हो’साठी वळलीसुद्धा.

पण डोळे गर्दीकडे गेले. भिवरा तिथे उभी होती. ती त्याला खुणावत नव्हती, रागावलीही नव्हती. ती नुसती बघत होती, आणि तिच्या बघण्यात असं काही होतं की तिला उत्तर आधीच ठाऊक असावं. तो काय म्हणणार हे तिला ठाऊक आहे, या विचारानं म्हाळूला जी लाज वाटली ती मिशा पडतानाही वाटली नव्हती.

त्याच्या घशातून बारीकसा आवाज निघाला. “नाही.”

“काय?” राजा म्हणाला.

“नाही, महाराज.”

प्रधानजींनी खांदा जोरात दाबला. पण इतकी वर्षं आत साठलेला शब्द एकदा बाहेर पडला, आणि मागची सगळी रांग धावत सुटली. “नाही, दगड वाईट नाही. नाही, असा घोडा या दगडात होतच नाही. नाही, दीड महिन्यात दगड वाळतच नाही. माहीत होतं मला. पहिल्या दिवशी माहीत होतं. ते पाय मेणानं चिकटवलेत महाराज, मिशाही मेणानं चिकटवल्यात. नाही प्रधानजी, शंभर वर्षं नाही, शंभर घटकासुद्धा नाही! आणि ठकूबाई, तो पाटा फेकून दे, त्यानं दात जातील!”

“तरीच!” गर्दीतून ठकूबाईचा नवरा ओरडला.

राजा वेशीच्या पायऱ्या उतरून म्हाळूच्या अगदी समोर आला. “माहीत होतं तर त्याच दिवशी का नाही बोललास?”

म्हाळू मान खाली घालून म्हणाला, “महाराज, ‘नाही’ म्हटलं की समोरच्या माणसाचा चेहरा पडतो. मला पडलेला चेहरा बघवत नाही.”

राजानं लोंबत्या मिशांच्या पुतळ्याकडे बोट केलं. “मग आता तो बघ. नीट बघ.”

म्हाळूनं बघितलं. राजानंही बघितलं. पुतळ्याची डावी मिशी नेमकी तेव्हाच सुटली, पोटावर आपटली, आणि घरंगळत राजाच्या पायाशी आली. राजानं ती उचलली, हातात फिरवून बघितली. त्याचं पोट हलायला लागलं. आधी वाटलं संतापानं हलतंय. मग कळलं, राजा हसतोय. तो असा हसला की त्याला खाली बसावं लागलं, आणि मग सातही गावं हसली.

हसू ओसरल्यावर राजानं डोळे पुसले. “खाण राहील,” तो म्हणाला. “पण म्हाळू, शिक्षा तुला आहे. हा पुतळा तू स्वतःच्या हातानं उतरवायचास आणि तुकडा न तुकडा डोक्यावरून गावी न्यायचास. सात गावांसमोर.”

“होय, महाराज.”

“आणि आता मला सांग. या दगडात माझं काय होऊ शकतं?”

सगळ्यांना वाटलं, म्हाळू लगेच बोलणार. पण म्हाळूनं घाई केली नाही. त्यानं वेशीच्या कमानीकडे बघितलं, सावली कुठवर येते ते बघितलं, राजाकडे बघितलं. मग म्हणाला, “दगडाच्या सपाट पाटीवर उठावाचं काम होईल. थरांच्या कलानं. महाराज बसलेले. मिशा गालाला धरून. कमानीच्या आत, ऊनपाऊस लागणार नाही असं.”

“घोडा?”

“नाही.”

“दिवाळीला मिळेल?”

“नाही, महाराज. होळीला.”

राजा प्रधानजींना म्हणाला, “हा आता थांबत नाही वाटतं.” आणि मग म्हणाला, “प्रधानजी, तुमच्या पागोट्यात ते काय आहे?”

खेपा घालताघालता म्हाळूची मान आखडली. वाटेत लोक थांबून विचारत, “घोडा कुठे निघाला?” म्हाळू प्रत्येकाला खरं खरं सांगे. पहिल्या दिवशी कान तापले. तिसऱ्या दिवशी सवय झाली.

मग केरूतात्यांनी स्वतः निवडून एक पाटी काढून दिली. म्हाळू रोज दरबारात जाऊन एका कोपऱ्यात बसे आणि राजाला बघे. राजा घोड्यावर कधीच बसत नाही, हे त्याच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. घोड्याला राजा घाबरत असे. राजा बसे तो एका लाकडी चौरंगावर, आणि समोर येणाऱ्या माणसाचं गाऱ्हाणं ऐके. कुणाची गाय हरवली, कुणाचा बांध सरकला. ऐकताना तो पुढे झुकत असे, हनुवटीखाली हात घेत असे, आणि गाऱ्हाणं लांबलं की उजव्या पायातला जोडा हळूच काढून ठेवत असे.

होळीला पाटी कमानीत बसली. या वेळी भाषण नव्हतं. राजानं पडदा बाजूला केला आणि तो पाटीच्या अगदी जवळ गेला. पाटीवर तो बसला होता. पागोट्याची वीण दिसत होती, डोळ्यांच्या कडांच्या सुरकुत्या दिसत होत्या, मिशा गालावर रुबाबात टेकल्या होत्या. समोर हात जोडलेला एक शेतकरी होता, आणि राजा कान देऊन ऐकत होता.

“माझा एक जोडा बाहेर आहे,” राजा शेवटी म्हणाला.

“होय, महाराज. आपण काढता.”

“मी काढतो?”

“वीस वर्षं सांगतेय मी!” मागून राणीसाहेब म्हणाल्या.

राजा आपल्याच दगडी चेहऱ्याकडे पुन्हा वळला. “घोड्यापेक्षा हे बरं आहे,” तो हळूच म्हणाला. “हा माणूस मला भेटायला आवडेल.”

त्या वर्षीपासून गाऱ्हाणं घेऊन येणारे लोक वेशीत थांबू लागले. राजासमोर बोलायला धीर यावा म्हणून ते आत जाताना पाटीवरच्या राजाच्या उघड्या पायाच्या अंगठ्याला हात लावत. इतके हात लागले, की अंगठा आरशासारखा गुळगुळीत झाला. एकदा पलीकडच्या राज्यातला एक प्रवासी तिथे थांबला. त्यानं अंगठ्यावरून बोट फिरवलं आणि जवळ उभ्या म्हाळूला विचारलं, “सुंदर आहे हो. पण हा अंगठा असाच राहील का कायम?”

“नाही,” म्हाळू म्हणाला. “झिजेल. पण माणसांच्या हातानं झिजेल.”

ही गोष्ट सांगून झाल्यावर मुलं तात्पर्य विचारतात, म्हणून ते असं: समोरच्याचं तोंड घटकाभर गोड राहावं म्हणून दिलेला होकार हा मेणाचा जोड असतो. वेळेवर ‘नाही’ म्हणायला जो शिकला, त्याच्याच ‘हो’च्या भरवशावर लोक काम सोपवतात.